काचेमागचे दोघे

फोन पुन्हा वाजला तशी समोरची शिंपीण म्हणाली, "घ्या बाई, घ्या. माझ्या सासूबाईसुद्धा एवढे फोन करत नाहीत."

होयबाने ओशाळून फोन उचलला. नवराबायकोंच्या समुपदेशनाच्या अभ्यासक्रमाचं तिचं हे शेवटचं वर्ष. खोलीच्या एका भिंतीत मोठा आरसा होता. इकडून आरसा, पलीकडून खिडकी. फक्त पलीकडे अंधार ठेवायचा. त्या अंधारात बसून सर आणि मॅडम सगळं बघत, ऐकत, आणि विद्यार्थिनी गडबडली की फोन करत. येणाऱ्या जोडप्यांना हे पहिल्याच दिवशी सांगितलेलं असे. सर आणि मॅडम एकमेकांचे नवराबायको होते. संसारातल्या संवादावर दोघांनी मिळून एक जाडजूड पुस्तक लिहिलं होतं आणि सगळ्या वर्गाला ते तोंडपाठ होतं. फोनवरून आलेला हुकूम हिने कधी मोडला नव्हता, म्हणून वर्गाने तिचं नाव होयबा ठेवलं होतं.

"नवऱ्याला बोलतं कर," सर म्हणाले.

होयबा शिंपिणीच्या नवऱ्याकडे वळली. हा बसचालक. आत येतानाच त्याने सांगून टाकलं होतं, "आजचं शेवटचं हं, मॅडम. काही उपयोग नाही याचा." हे जोडपं मध्येच सुटलं तर तिचं प्रात्यक्षिक अपुरं राहणार, म्हणजे अख्खं वर्ष पाण्यात. "स्वतःचं जमवायचं सोडून लोकांची जमवत बसलीय" हे आईचं पालुपद आणखी एक वर्ष ऐकायचं.

"तुम्हाला काय वाटतं?" तिने विचारलं.

बसचालकाने छताकडे पाहिलं. फोन वाजला.

"त्याला सोड," या वेळी मॅडम होत्या. "तो गप्प बसला की बाईंना काय होतं ते विचार."

होयबा शिंपिणीकडे वळली. तोंड उघडते तोच पुन्हा फोन.

"मी काय सांगितलं होतं?" सर म्हणाले. मागून मॅडमचा आवाज आला, "तू दर वेळी हेच करतोस." मग "दे इकडे", मग काहीतरी आपटल्याचा आवाज, आणि फोन बंद. होयबाची मान इकडून तिकडे करून अवघडली होती. आता वळावं कुणाकडे?

तेवढ्यात आरशात उजेड पडला.

रागारागाने निघालेल्या मॅडमनी पर्स शोधायला पलीकडचा दिवा लावला होता. आरसा गेला आणि त्याची खिडकी झाली. आतला आवाज इकडे येत नव्हता, पण मॅडमचे हात पंख्यासारखे फिरत होते. सर हाताची घडी घालून भिंतीकडे बघत होते. कोपऱ्यात वर्गातली चारपाच पोरं वह्यांत डोकी खुपसून बसली होती. आपण दिसतोय हे कुणाच्या गावीही नव्हतं.

होयबाला वाटलं, पडदा ओढावा, काच ठोकावी, काहीतरी करावं. पण शिंपीण खुर्चीत पुढे सरकून टक लावून बघत होती.

"काय म्हणत असतील हो त्या?" तिने नवऱ्याला विचारलं आणि उत्तराची वाट न बघता मॅडमच्या हातवाऱ्यांवर स्वतःच बोलायला लागली. "मी भिंतीशी बोलतेय का? तोंड आहे ना तुम्हाला?"

काचेमागे सरांनी खांदे उडवले.

"बोललो की वाढतं," बसचालक हळूच म्हणाला. "म्हणून गप्प बसतो."

"गप्प बसलात की जास्त वाढतं," शिंपीण म्हणाली. काचेमागे मॅडमनी पर्स टेबलावर आपटली. "मला वाटतं, मी नकोशीच झालेय यांना."

"नकोशी कशाने होशील? दिवसभर मागून नुसता कालवा. थांबवा, पुढे घ्या, दार उघडा. घरी आलं की वाटतं, घटकाभर कुणी काही सांगू नये. एवढंच."

सरांनी जन्मात कधी बस चालवली नव्हती. शिंपिणीने काचेवरची नजर काढली आणि नवऱ्याकडे पाहिलं.

"मग हे एवढं सांगायला काय झालं होतं?"

"तू विचारलंच नाहीस कधी. एकदम ओरडतेसच."

"तेही खरंच," ती म्हणाली, आणि दोघांनाही हसू फुटलं.

होयबाच्या जिभेवर पुस्तकातले तीन प्रश्न येऊन उभे होते. तिने ते गिळले. टेबलावरच्या फोनचा रिसीव्हर उचलून बाजूला ठेवला आणि गुपचूप बसून राहिली. तिला इतका आनंद झाला होता की भीती वाटायचीच राहून गेली.

पलीकडे एका पोराने अखेर मान वर केली. तिघं आपल्याकडेच बघतायत हे पाहून तो ताडकन उठला आणि त्याने बटण दाबलं. पुन्हा आरसा.

"पुढच्या मंगळवारी माझी दुपारची पाळी आहे," बसचालक म्हणाला. "सकाळी यायला जमेल?"

"जमेल," होयबा म्हणाली. आवाज जरा जास्तच मोठा आला.

मग दार वाजलं. दारात सर, त्यांच्यामागे हातभर अंतर राखून मॅडम. सरांचा चेहरा लाल झाला होता. मॅडम पर्सच्या पट्ट्याशी चाळा करत होत्या.

"आम्ही जरा..." सर म्हणाले. "म्हणजे जे झालं, ते..."

होयबाने मॅडमकडे पाहिलं. मॅडमनी जमिनीकडे.

बसचालक उठला. आपली खुर्ची त्याने सरांपुढे सरकवली, बायकोची मॅडमपुढे, आणि एवढे दिवस तोंडातून शब्द न काढणारा तो माणूस अगदी समजुतीच्या सुरात म्हणाला, "बसा, सर. पहिल्या दिवशी जरा जड जातं."