एकतिसावा ठिपका

हेडमास्तर वामन सरांनी अंगठा जिभेवर घासला आणि भिंतीवरच्या तक्त्यातला अमृताचा ठिपका पुसायला घेतला.

शेजारी उभ्या सायली मॅडमनं नाक मुरडलं. हेडमास्तरांच्या तोंडात सकाळपासून खर्रा होता. तंबाखू-सुपारीचा तो लगदा या गालातून त्या गालात फिरत होता, आणि त्याच तोंडातला ओला अंगठा पोट्ट्यांच्या तक्त्यावर! शी! या माणसाला कोणी काही बोलत कसं नाही?

तक्ता नववीचा होता. आडव्या रेघेवर सकाळच्या जादा वर्गाला किती दिवस आलो ते, उभ्या रेघेवर गणितात किती मार्क पडले ते. एकतीस पोरापोरींनी आपापला ठिपका आपल्या हातानं दिला होता. स्केचपेनच्या पाकिटात एक चॉकलेटी तेवढा ओला राहिला होता, म्हणून सगळेच ठिपके चॉकलेटी. जो जास्त दिवस आला तो जास्त वर, असे ते उजवीकडे चढत गेले होते. त्यांच्यामधून सायलीनं तिरपी रेघ ओढली होती; कोणी तिच्या थोडा खाली, कोणी थोडा वर. एकटी अमृता पार उजवीकडे आणि अगदी तळाशी. सेहेचाळीस दिवसांत एक खाडा नाही, आणि मार्क नऊ.

तो ठिपका देताना पोरीनं नाक कागदाला टेकवलं होतं. सायलीला तेव्हाच कळलं, खोट हिच्या डोक्यात नाही, डोळ्यांत आहे. फळाच दिसत नसेल तर सेहेचाळीस काय, शंभर दिवस येऊन काय डोंबल कळणार? तिनं शाळेत डोळ्यांची तपासणी लावा असा अर्ज लिहिला होता. सही लागत होती पांढुर्ण्याच्या शिक्षण खात्यातल्या साहेबांची, आणि ते आजच यायचे होते. तिकडे अमृताच्या बापानं, दादाजीनं, बजावून ठेवलं होतं, "नऊच मार्क घेते तं या महिन्यात शाळा बंद. संत्र्याच्या तोडाईले येईन माह्यासंग." साहेबांना दाखवायला सायलीजवळ काय होतं? हा ठिपका.

"सर, काहून पुसून राहिले? तोच तं दाखवायचा आहे."

"मॅडम, साहेबाले सहसंबंध पाहिजे. सहसंबंध म्हणजे सरळ रेघ. हे काय, सारी पंगत बसली एका ओळीत अन् ही जाऊन बसली हात धुवाच्या जागी!" वामन सरांनी आवाज उतरवला. "झाकली मूठ सव्वा लाखाची. शाळेत आंधळी पोरगी हाय हे आपणच सांगत सुटाचं का?"

"रेघ म्हणजे पंगत नाही हो, सर. जो बाहेर पडला त्याच्याकडंच पाहाचं असते."

अंगठा घासतच होता. कागदाची साल निघाली, तेव्हा थांबला. बाकांवरची पोरं खाली मान घालून बसली होती. पहिल्या बाकावर अमृता तक्त्याकडे टक लावून पाहत होती. तिला काय दिसणार!

"पट एकतीस आहे," सायली म्हणाली. "ठिपके तीस झाले."

"कोण मोजते बाप्पा!" वामन सर फिसकन हसले. हसताना तोंडातला एक थेंब उडाला आणि तक्त्यावर जाऊन बसला. अगदी वर, रेघेच्या उजव्या टोकाला. चॉकलेटी.

सायलीनं रुमाल काढला. तेवढ्यात बाहेर गाडीचं दार वाजलं.

"राहू द्या. हात नका लावू आता," म्हणत वामन सरांनी टेबलावरचा अर्ज घडी करून खिशात कोंबला आणि साहेबांना सामोरे गेले.

साहेबांनी वर्गाकडे पाहिलंसुद्धा नाही. सरळ तक्त्यापुढे उभे राहिले आणि बोट हवेत नाचवत मोजू लागले. "एकतीस. पट किती?"

"एकतीसच, सर," वामन सर म्हणाले.

"बराबर. बढिया! कसे सरळ चढून राहिले. कमजोर कोणीच नाही?"

"सर, एक अर्ज होता..." सायली पुढे झाली.

"मॅडम, तक्ताच सारं सांगून राहिला, अर्ज कायले पाहिजे?" साहेबांचं बोट वर जाऊन थांबलं. "हा सगळ्यात वरचा कोण?"

वामन सरांनी लगदा या गालातून त्या गालात ढकलला. तीस जणांचे ठिपके जागच्या जागी होते. उरलं होतं एकच नाव.

"अमृता, सर. एक दिवस खाडा नाही पोरीचा!"

 अमृता उभी राहिली. तिचा चेहरा फुलून आला होता. आपलं नाव साहेबांपुढं असं कोणी घेईल, हे तिला कुठलं ठाऊक!

"ये बेटा. दाखव आपला ठिपका."

ती तक्त्यापाशी आली. हात आधी सवयीनं खाली, उजव्या कोपऱ्यात गेला. तिथं बोटाला सोललेला कागद लागला. ती चाचपत राहिली.

"खाली नाही, वर पाह्य, वर!" वामन सर म्हणाले.

ती टाचा उंच करून उभी राहिली, नाक कागदाला टेकलं, आणि पटकन मागे सरली.

"काहून गं? एवढ्या जवळून काय पाहते?" साहेबांनी विचारलं.

"दुरून दिसत नाही, सर," अमृता म्हणाली. "पण हा ठिपका माहा नाही. याले खर्ऱ्याचा वास येऊन राहिला."