शीतलची फणी

बजरंग शेळके ट्रकवाला गडी, लेकीची हॉस्टेलची खोली एकट्यानंच उपसत होता. संध्याकाळी तिथं नवी पोरगी राहायला येणार होती. दात मोडलेली फणी त्यानं कचराडब्यात टाकली, तर डब्यानं ती बाहेर ढकलली.

"ही शीतलची आहे. जिचा कचरा तिनंच टाकायचा. शीतल कुठंय?"

विद्यापीठानं बसवलेले हे बोलके डबे वासावरून माणूस ओळखायचे, दुसऱ्याच्या हातनं काही घ्यायचेच नाहीत.

"गेली रे बाबा," बजरंग म्हणाला.

"बरं. आली की पाठवा."

हे ऐकून शेजारच्या खोलीतून शीतलची मैत्रीण तबस्सुम आली.

"काका, त्या ठोंब्याला 'गेली' कळत नाही. 'वारली' म्हणायचं, मग सगळं घेतो. मी म्हणू का?"

"नको पोरी. बापानंच म्हणायला पाहिजे."

घरी, गावात, सरणापाशीसुद्धा सगळे 'गेली'च म्हणाले होते. बजरंगनं फणी परत डब्यापुढं धरली.

"शीतल कुठंय?" डब्यानं परत विचारलं.

"गेलीय कुठंतरी," बजरंग म्हणाला. "आली की पाठवतो."

आणि तो सगळा पसारा परत गाठोड्यात बांधायला बसला.