ब्रेकमधली हवा

“दाब!” मिस्त्री गाडीखालून ओरडला.

वर पेडल खाली गेलं. दारावर आतून दोनदा टकटक झाली. त्याने चाकामागचं निपल, म्हणजे हवा सोडायची बारीक तोटी, सैल केलं. बुडबुड्यांसकट ब्रेक ऑइल नळीतून बाटलीत उतरलं. त्याने निपल पुन्हा आवळलं. “सोड!” पेडल वर आलं. बायको तोंडातून अक्षर काढत नव्हती, पण काम चोख करत होती. कालपासून अबोला होता.

ब्रेकची हवा काढणं हे दोघांचं काम. एकाने सीटवर बसून पेडल दाबून धरायचं, दुसऱ्याने खाली निपल उघडायचं. मधेच पाय उचलला की हवा परत आत आणि सगळं मुसळ केरात. पाय घट्ट बसला की ओरडायचं नाही, दारावर दोनदा टकटक करायची, ही पद्धत मिस्त्रीच्या वडिलांची. अण्णांनी जन्मभर ट्रक चालवला. इंजिनावर आवाज चढवून चढवून त्यांचा घसा बसला होता, म्हणून ही टकटक. सून घरात आली तशी तीही तेच शिकली.

अण्णा होते ताडमाड. सीट रुळावरून पार मागे, शेवटच्या खाचेत नेल्याशिवाय त्यांचे गुडघे मावत नसत. घरात तिला ‘अण्णांची खाच’च म्हणायचे. पुढे त्यांची नजर मंदावली. गाडीने कुंपण एकदा पाडलं, दोनदा पाडलं. तिसऱ्यांदा मिस्त्रीने भर रस्त्यात, चार लोकांदेखत, त्यांच्या हातातून चावी ओढून घेतली. चूक कुणाची म्हणायची? चावी काढून घ्यायलाच हवी होती, पण अशी नाही. त्या दिवसापासून अण्णा सुनेशी बोलायचे, शेजाऱ्यांशी बोलायचे, मांजराशीसुद्धा बोलायचे. मुलाशी नाही. गेले तेही भिंतीकडे तोंड करून. त्याला वर्ष होत आलं होतं.

आणि काल त्याने तेच केलं. बायकोची आई आजारी होती, घाटाच्या पलीकडच्या गावात. ती एकटीच गाडी घेऊन निघाली होती. “घाट तुला जमायचा नाही,” म्हणत त्याने तिच्या हातातली चावी ओढली.

“आधी अण्णांची, आता माझी,” एवढंच ती बोलली आणि मिटली ती मिटलीच.

सकाळी त्याचं डोकं ताळ्यावर आलं. जाऊ दे तिला, पण निदान ब्रेक तरी धड हवेत. दुनियेच्या गाड्या दुरुस्त करणाऱ्याची स्वतःची गाडी म्हणजे दिव्याखाली अंधार. त्याने अंगणात गाडी ठोकळ्यांवर चढवली, चाकं काढली, स्वयंपाकघराकडे तोंड करून हाक मारली, “पेडल धरायला ये गं!” आणि खाली सरपटला. जरा वेळाने दार उघडलं. सीट रुळावर करकरली. दार धाडकन आपटलं. राग अजून गेला नव्हता तर.

शेवटच्या निपलाशी त्याचा हात थांबला. गाडीखालून बोलणं सोपं असतं. समोरचा चेहरा दिसत नाही.

“ऐक ना,” तो म्हणाला. “चुकलं माझं. चावी हातातून ओढायला नको होती. आता तरी बोल.”

मग दारावर टकटक. दोनदा, हलकेच.

मिस्त्रीच्या छातीवरचा दगड उतरला. डोळे भरून आले आणि हात तेलकट, त्यामुळे पुसताही येईनात. “झालं,” तो म्हणाला. “उतर आता.”

पेडल पुन्हा खाली गेलं.

“अगं, झालं म्हणतोय ना!”

पेडल उचललं गेलं, दाबलं गेलं, पुन्हा उचललं, पुन्हा दाबलं. मग दाबूनच धरलं. “पाय आहे की शिवणयंत्र?” तो हसून ओरडला. पण हसू अर्धवटच राहिलं. एवढा जोर तिच्या पायात कधीच नव्हता.

मागे काहीतरी टपकलं.

तो कोपरांवर सरकत मागे गेला. मागच्या आसावरचा ब्रेकचा रबरी पाइप टम्म फुगला होता आणि एका चिरेतून ऑइलचे थेंब गळत होते. पेडल सुटलं तशी चीर मिटली. जोर दिल्याशिवाय दिसलीच नसती. सकाळी हाच पाइप त्याने चाचपून ठीक म्हणून सोडला होता. घाटाच्या उतारावर तो फुटला असता आणि आत ती एकटी असती. त्याने जवळच्या डब्यातला नवा पाइप बसवला, पुन्हा हवा काढली. दाब. टकटक. सोड. मग पेडल आपलं आपणच गप्प झालं.

तो बाहेर आला तर बायको मागच्या दारात उभी. केस ओले, खांद्यावर टॉवेल.

“मघाशी हाक ऐकली मी,” ती म्हणाली. “म्हटलं, ओरडू दे. सरळ अंघोळीला गेले. झाली का हवा काढून? पेडलवर कुणाला बसवलंत?”

मिस्त्रीने गर्रकन वळून पाहिलं. फाटकाला आतून कडी होती. गाडीत कुणी नव्हतं. त्याने चाकं चढवली, गाडी खाली घेतली, खिशातून चावी काढली आणि तिच्या तळहातावर ठेवली. तिने त्याच्याकडे नवलाने पाहिलं. रुसवा कुठल्या कुठे गेला. ती दार उघडून आत बसली आणि तिने पाय लांब केले. पाय अधांतरी राहिले.

“अहो,” ती म्हणाली, “ही सीट अण्णांच्या खाचेत कुणी नेली?”