पाच मिनिटं उशिरा

"हात धुतले? कोपरापर्यंत?" सिस्टरनं विचारलं.

तिनं ओले हात पुढे केले. मग हिरवा गाऊन, टोपी, मास्क. एवढा जामानिमा झाला की आरशात आपली आपल्यालाच ओळख पटत नसे, आणि खरं सांगायचं तर तिला ते बरंच वाटे. भेटीच्या वहीत नात्याच्या रकान्यात तिनं पहिल्याच दिवशी खोटं लिहिलं होतं.

चार वाजले. आतून एक हिरवा गाऊन बाहेर आला. तिनं मान खाली घालून वाट दिली आणि ती आत गेली.

काचेच्या त्या खोलीत दुपार नुसती तरंगत असायची. पांढरा पडदा उगाच हलायचा. यंत्राची टिकटिक पाण्याखालून आल्यासारखी यायची. तो उशीला टेकून बसला होता. छातीवर पट्टी आणि पट्टीखाली कुणा परक्या माणसाचं हृदय.

"आलीस?"

"आले."

झालं, संपलं बोलणं. अकरा वर्षं ज्याच्या बडबडीनं तिचे कान किटले होते, तो आता एका शब्दात भागवायचा.

ऑपरेशननंतर ती पहिल्यांदा भेटायला आली, तेव्हा तिला दोनच मिनिटं मिळाली होती. ती समोर उभी, आणि यंत्रावरचा ठोक्यांचा आकडा जागचा हलेना. शहाण्णव म्हणजे शहाण्णव. पूर्वी ती नुसती दारात दिसली तरी हा तिचा हात ओढून छातीवर ठेवायचा. "बघ, काय गोंधळ घातलायस इथं," म्हणायचा. आता हृदयच दुसऱ्याचं. त्याला ही कोण, कुठली?

तिनं याच्याकडे कधी काही मागितलं नव्हतं. हा आपला आहे, एवढ्यावर तिचं भागत होतं. तेवढंही गेलं तर जगायचं कशाच्या जोरावर, या विचारानं ती हबकली होती.

शेवटी तिनं चाचरत सिस्टरला विचारलं, "आपलं माणूस भेटायला आलं तरी आकडा हलत नाही, असं कसं हो?"

सिस्टर हसली. "ताई, जुनं हृदय काढताना नसा कापाव्या लागतात. मग मनातलं हृदयाला थेट कळत नाही, रक्तातून वळसा घालून पोचतं. पाचेक मिनिटं जातात. ट्यूबलाइट झालीय म्हणा ना त्यांची."

तिच्या जिवात जीव आला. दुसऱ्या दिवशी ती घड्याळावर डोळा ठेवूनच बसली. चार वाजून पाच मिनिटं झाली आणि आकडा चढू लागला. सत्त्याण्णव, शंभर, एकशे आठ. तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

"माठ्या, इतका वेळ लागतो होय मला ओळखायला?" ती त्या पट्टीलाच म्हणाली.

तो कसनुसा हसला आणि खिडकीकडे बघत राहिला.

मग रोजचंच झालं. त्याचा हात हातात घेऊन ती काहीबाही बोलत राही. ती पाच मिनिटं अर्धवट झोपेतल्यासारखी, मऊ आणि लांबलचक जात. मग आकडा चढे, आणि उरलेला दिवस ती हवेत असे.

बाराव्या दिवशी चार वाजता बाहेर कुणीच आडवं आलं नाही. ती सरळ आत गेली.

"आलीस?"

"आले."

पाच मिनिटं झाली. दहा झाली. शहाण्णव. तिनं त्याचा हात घट्ट धरला, त्याला हमखास हसवणारी ती जुनी फजिती पुन्हा सांगितली. तो हसलाही. आकडा मात्र ढिम्म. थोड्या वेळानं त्याचा डोळा लागला.

सिस्टर सलाइन बदलायला आली, तेव्हा तिनं हळूच विचारलं, "यंत्र बिघडलंय का? आज आकडा चढलाच नाही."

सिस्टरनं वायर चाचपून पाहिली.

"यंत्र ठणठणीत आहे, ताई. आज तुमच्या वहिनी तापानं घरी आहेत ना. रोज चारला बायको इथून निघाली, की पाचेक मिनिटांनी चढतो तुमच्या भावाचा आकडा."