शेवटची मंजुरी

"मी या कारखान्याचा मालक, आणि माझीच रजा नामंजूर?" मालक माझ्या टेबलाशी येऊन कडाडले. नियम सगळ्यांना सारखा, म्हणून त्यांनीही मोठ्या हौसेने आमच्या नव्या सॉफ्टवेअरमधूनच अर्ज केला होता. "माझ्याही डोक्यावर कोण बसलंय ते शोध आधी!"

मी प्रोग्राम उघडला आणि घोळ माझ्या लक्षात आला. चाचणीच्या वेळी सर्वात वरच्या अधिकाऱ्याच्या जागी कुणाचा तरी मोबाइल नंबर हवा होता, म्हणून मी आईचा टाकला होता. तो काढायचाच राहिला.

आईला फोन लावला. मालकांनी स्पीकर सुरू करायला लावला.

"हो रे, येतात ना मेसेज. मंजूर की नामंजूर विचारतात, मी सांगून टाकते. गोदामाला पंखे हवे होते, दिले. बिचारी माणसं उकडून निघत असतील."

"आणि मालकांची रजा?"

"अरे, कारण काय लिहिलंय बघ की. 'कंटाळा आलाय.' हे काय कारण झालं?"

मालक बुटांकडे बघू लागले. मी कसंबसं हसू दाबलं. "आई, चूक माझी आहे. तुझा नंबर काढतो आता."

"काढ बाबा. घरात मला न विचारताच सगळं ठरतं. इथे अख्खा कारखाना विचारत होता, मजा येत होती."

मालकांनी माउसवरचा माझा हात घट्ट धरला. "काकू, कारण बदलून पुन्हा अर्ज करतो. तेवढं बघाल?"

"बघते. पण तुमच्या आधीचे बरेच पडलेत. रांगेत थांबा."