तानूबाईचा सुरा

भंगारवाल्यानं पुढं केलेली जुनी कानस वाळूआबांनी हातात घेतली, बोटांनी चाचपली आणि दगडावर आपटली. कानशीचे दोन तुकडे झाले.

"अरे चाचा, तोड दी! सबसे कडक माल था."

"कडक आहे, पण चिवट नाही," आबा शेजारी उभ्या असलेल्या लेकीला म्हणाले. "बांबूच्या गाठीत अडकली की अशीच तुटंल."

कावेरीनं भंगारवाल्याची कशीबशी समजूत घातली. तिला हसूही येत होतं. आई गेल्यापासून आबांच्या तोंडून एवढे शब्द तिनं ऐकले नव्हते. शिरपूरकडचं घर बंद करून ती त्यांना रांध्याला आपल्या भाड्याच्या खोलीवर घेऊन आली, तेव्हा त्यांनी कपड्यांआधी लोहारकामाच्या हत्यारांचं पोतं उचललं होतं. ते पोतं खाटेखाली गेलं ते गेलंच. मग काल घरमालकीण तानूबाई अंगणात टोपल्यांसाठी बांबू फोडत बसली असताना तिच्या बाजारच्या सुऱ्याची धार उडाली, आणि खाटेवरून आवाज आला, "मी नवा करून देतो."

आमलीच्या भंगारबाजारातल्या त्या ढिगात आबा बराच वेळ उकिडवे बसले. मोतीबिंदूनं नजर धूसर झालेली, त्यामुळं प्रत्येक तुकडा कानाशी धरून वाजवत होते. चकचकीत बेअरिंग त्यांनी बाजूला सारलं. शेवटी ट्रकच्या कमानीचा एक गंजका पाटा वाजवला. खणखणीत आवाज घुमला.

"ह्याला कुठं चीर नाही. आयुष्यभर ट्रकखाली वाकला न् परत सरळ झाला. हाच घे."

घरी आल्यावर चिंचेखाली खड्डा खणून भट्टी पेटली. ऐरण मांडली. आबांनी एका हातात सांडशी धरली, दुसऱ्यात लहान हातोडी. घण मात्र तसाच पडून होता. तो नेहमी आई मारायची, आणि आईनं कावेरीला त्याला कधी हातसुद्धा लावू दिला नव्हता. "तू शाळेत जा," एवढंच म्हणायची.

कावेरीनं पदर खोचला आणि घण उचलला.

आबा हातोडीनं टक् करून जागा दाखवायचे, तिथं ती घाव घालायची. पहिले काही घाव भलतीकडंच गेले. मग हळूहळू ठेका जमला. लाल पाटा ऐरणीवर लांबत गेला, पातं दिसू लागलं.

"हां, सोने, जरा डावीकडं," आबा बोलून गेले.

सोनी हे आईचं नाव. तानूबाईनं चमकून कावेरीकडं पाहिलं. कावेरी जरा डावीकडं सरकली आणि तिनं घण उचलला.

तापलेलं पातं तेलात चर्र झालं. "आत्ता हे कानशीसारखं आहे," आबा म्हणाले. "पडलं तर फुटंल." घासून उजळलेलं पातं त्यांनी पुन्हा निखाऱ्यांवर धरलं. "मला दिसत नाही. रंग तू सांग, जांभळा झाला की चिवटपणा आला."

"पिवळा... आता तपकिरी... आबा, जांभळा!"

त्यांनी झटक्यात ते उचललं.

दिवस कलता कलता बांबूची मूठ बसली. तानूबाईनं सगळ्यात गाठाळ बांबू उभा धरला, सुरा ठेवला, वरून लाकडानं ठोकलं. बांबू खालपर्यंत फाटत गेला. तिनं धारेवरून अंगठा फिरवला आणि म्हणाली, "दादा, हा मला पुरून उरणार."

आबा फक्त मान हलवून आत गेले.

रात्रीचा स्वयंपाक करायला कावेरी बसली, पण पीठ मळवेना. दोन्ही तळव्यांना फोड आले होते. आबा खोबरेल तेलाची बाटली घेऊन समोर येऊन बसले. तिचा हात ओढून घेतला आणि फोडांवर अलगद बोट फिरवू लागले.

"तुझी आईपण पहिल्या दिवशी अशीच रडली होती."

"मी कुठं रडतेय?" कावेरी म्हणाली, आणि तिनं दुसरा हात पुढं केला.