समान आच

दरवेळी नवऱ्याच्या जेवणापायी बारगळणारी बहिणीची भेट या खेपेला तरी व्हावी म्हणून हेमलताबाई बॅग घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. "अहो, निदान दूध तरी तापवता येईल ना?"

"भलतंच! हे बघ." प्रभाकररावांनी नवं बिडाचं कडं शेगडीवर बसवलं, त्यावर दुधाचं पातेलं ठेवून गॅस पेटवला. "आता डुगडुगणं बंद. आचही सगळीकडे समान!"

जन्मात चहाचं आधण न ठेवलेला माणूस आचेवर प्रवचन झोडत कड्याकडेच कौतुकानं बघत राहिला. दूध फुगत काठाशी आलं. हेमलताबाईंचा हात सवयीनं पुढे झाला आणि थांबला.

पातेलं तसूभरही हललं नाही. दूध चारही बाजूंनी अगदी समान उतू गेलं.

"अगं, गॅस!"

"तो बंद करायला कडं लागत नाही हो," म्हणत त्या जिना उतरल्या.